भाकडकथा: शब्द आला कुठून, वापरावा कधी, गिळून टाकावा कधी

गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक शब्द चुकीच्या माणसासाठी वापरला आणि ग्रामसेवकाने तो जसाच्या तसा प्रोसिडिंगमध्ये लिहिला. विषय होता आखराचा. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथे सकाळी घराघरातली ढोरं जमतात आणि गायकी त्यांना चारायला घेऊन जातो. आमच्या गावाचा आखर आता दोन बैलबंड्या वळतील एवढाच उरला आहे. गावचे जुने गायकी काकाजी उठले आणि म्हणाले की आखर पार नाल्यापर्यंत होता, मोहाची दोन झाडं ही त्याची हद्द होती, आणि उन्हाळ्यात त्या झाडांखाली दोनशे ढोरं बसत. मग त्यांनी झाडांची गोष्ट सांगितली, कोणत्या साली कोणती गाय तिथे व्याली तेही सांगितलं. सभा कंटाळली. मी शेजारीच बसलो होतो, पटकन बोलून गेलो, "काकाजी, आता ह्या भाकडकथा झाल्या."

ते रागावले नाहीत. सभा सुटल्यावर पारापाशी थांबले आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी तं ढोराचे डाक्टर. तुमाले सांगाव लागते का? भाकड म्हन्जे आज दूध नाई देत. पन गाभन हाये का नाई, थे पायलं का तुमी हात घालून?"

एकतीस वर्षं मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांत नोकरी केली. हजारो गाई-म्हशींची गाभण तपासणी केली. भाकड हा शब्द रोज दहा वेळा ऐकला, रजिस्टरात लिहिला. तरी भाकडकथा म्हणताना त्या शब्दात एक गाय उभी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून या शब्दामागे लागलो. शब्द जुना आहे, गोड आहे, आणि आता पेपरात भलत्याच अर्थाने फिरतो आहे. तो नीट कसा वापरावा हे लिहून ठेवावं असं मनापासून वाटलं.

आधी कोठ्यात जा

कोणताही जुना शब्द समजून घ्यायचा तर आधी तो जिथे कामाला येतो तिथे जावं, कोश नंतर उघडावा. भाकड हा कोठ्यातला शब्द आहे. (आमच्याकडे गोठ्याला कोठाच म्हणतात.) दूध देणं बंद केलेली गाय किंवा म्हैस ती भाकड. शब्द बदलत नाही: भाकड गाय, भाकड म्हैस, भाकड जनावर, भाकड ढोरं.

त्याच्या शेजारी आणखी दोन शब्द उभे आहेत, त्यांच्यात गल्लत करू नका. गाय आटली म्हणजे दूध थांबलं, ही घडलेली गोष्ट झाली. गाय भाकड आहे ही त्यानंतरची तिची अवस्था. आणि वांझ ही तिसरीच, जिला गर्भच राहत नाही ती. आटलेली गाय काल दूध देत होती. भाकड गाय पुढे देईल, बहुतेक वेळा देईलच. वांझेची गोष्टच वेगळी.

पशुवैद्यकाच्या भाषेत भाकड काळ नावाचा एक चांगला, हवाहवासा काळ आहे. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा. विण्याच्या साधारण ६० दिवस आधी दूध काढणं थांबवायचं असतं, म्हणजे गाय सात महिन्यांची गाभण झाली की तिला आटवायची. या दोन महिन्यांत कासेतल्या दुधाच्या पेशी नव्याने तयार होतात, चीक तयार होतो, आणि पोटातलं वासरू सगळ्यांत जास्त वाढतं ते याच दिवसांत. ज्यांनी हावेने विण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत धारा काढल्या त्यांना पुढच्या वेताला दूध कमी मिळालं, हे मी कितीतरी घरी पाहिलं. उलटी चूकही पाहिली. गाय भाकड झाली म्हणून तिची ढेप (म्हणजे पेंड) बंद, नुसतं कुटार (म्हणजे भुसा) पुढे टाकायचं, आणि वासरू मग काडीसारखं निघायचं. दूध देत नाही म्हणून तिला खायला देऊ नये, हा हिशेब कोठ्यात कधीच बरोबर येत नाही.

बाजारात हाच शब्द जरा वेगळा होतो. आर्वीच्या बाजारात गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस विकायला आणलेला माणूस स्वतःच्या तोंडाने भाकड म्हणत नाही. तो म्हणेल "आटत आली आहे", नाहीतर "चार महिन्यांची गाभण आहे, पाहून घ्या". घेणारा मात्र भाव पाडायला भाकड हाच शब्द पुढे करतो. आणि म्हातारं, कायमचं दूध थांबलेलं जनावर असलं तरी लोक भाकडच म्हणतात. २०१५ साली राज्याच्या गोवंश हत्याबंदी कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, तेव्हापासून बातम्यांत "भाकड जनावरं" हे शब्द बहुधा याच अर्थाने येतात: ज्यांच्यापासून आता काही मिळणार नाही अशी ढोरं. शब्दाला हे दोन अर्थ आहेत, विसावलेली आणि संपलेली. भाकडकथा म्हणताना आपण यातला कोणता अर्थ मनात धरतो यावर सगळं अवलंबून आहे.

मग कोश उघडा

घरी कोश नसला तरी अडत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ सालची. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश फुकट उघडता येतात, मोबाइलवरसुद्धा. शब्द देवनागरीत टाका. आणि एक करा: भाकडकथा एवढी एकच नोंद वाचून पान बंद करू नका, वरची आणि खालची नोंदही वाचा. शब्दाचं कुटुंब शेजारीच राहत असतं.

मला सगळ्यांत जास्त आनंद झाला तो अमरकोशात. संस्कृत शब्दांचा हा जुना कोश श्लोकांत आहे, आणि त्याच्या दुसऱ्या कांडातल्या वैश्यवर्गात गाईंची नावं दिली आहेत. एकदाच व्यालेली ती गृष्टि. नुकतीच व्यालेली ती धेनु. व्यायला बरेच दिवस झाले ती बष्कयणी. आणि वशा म्हणजे वांझ. आपण आज कोणत्याही गाईला धेनू म्हणतो, पण त्या कोशात धेनु ही ताजी व्यालेली, भरल्या कासेची गाय. हे वाचलं आणि गायकी काकाजींचं बोलणं आठवलं. तेही असंच बोलतात: पहिलारू, ताजी व्यालेली, आटत आलेली, भाकड, वांझ. गाईला नुसती गाय म्हणून भागत नाही, ती आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगावं लागतं. ज्या लोकांचं पोट ढोरांवर आहे त्यांची भाषा त्या काळीही अशीच बारीक होती आणि आजही आहे.

आता कथा. हा संस्कृतातून आलेला मानाचा शब्द. सत्यनारायणाची कथा, हरिकथा, कीर्तनातला कथेचा भाग. या कथांना शेवटी फळ असतं. पोथी संपताना फलश्रुती वाचतात, म्हणजे ही ऐकल्याने काय मिळतं ते सांगतात. श्रावणात बाया कहाणी वाचतात तिचा शेवट सगळ्यांना पाठ असतो: "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." सुफळ! गोष्ट फळली पाहिजे ही अपेक्षाच आहे. गाईलाही आपण फळली म्हणतो, फळवायला नेतो. आणि ज्या बोलण्याला फळ नाही त्याला वायफळ म्हणतो.

कथेच्या पुढे कोठ्यातला भाकड लावला की शब्दाचा सगळा अर्थ उभा राहतो: बसून ऐकली, वेळ दिला, पण कासेतून थेंब निघाला नाही. देवघरातला शब्द आणि कोठ्यातला शब्द एका दाव्याला बांधले आहेत. ज्याने कोणी पहिल्यांदा बांधले त्याच्या घरी नक्की एखादं दुभतं जनावर असलं पाहिजे.

भावंडं ओळखा

मराठीत फालतू बोलण्यासाठी पुष्कळ शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. नेमका शब्द निवडता आला की भांडण टळतं.

थाप ही मुद्दाम मारलेली असते, समोरच्याला फसवायला. तिच्यातली सगळ्यांत देखणी ती लोणकढी थाप. लोणी नुकतंच कढवून काढलेलं ताजं तूप म्हणजे लोणकढं तूप, तशी आत्ताच्या आत्ता रचलेली, खमंग वासाची थाप ती लोणकढी. बाता मारतो तो स्वतःला मोठं करायला. चऱ्हाट म्हणजे जाड दोर. पोळ्याच्या आधी आमच्या ओसरीवर अंबाडीचे दोर वळायला बसायचे, एक माणूस पीळ देत मागे सरकत जायचा, दोर वाढतच जायचा. ज्याचं बोलणं असं वाढत जातं त्याने चऱ्हाट लावलं. त्यात खोटं काही नसेलही, फक्त संपत नाही. पाल्हाळही तसंच, जरा सुशिक्षित. चर्चेचं गुऱ्हाळ रात्रभर चालतं. बाष्कळ बडबड पोरकटाची. शिळोप्याच्या गप्पा मात्र कुणाला बोचत नाहीत, कामं उरकल्यावरचा मोकळा वेळ तो शिळोपा, आणि त्या वेळी माणसाने आणखी काय करावं!

भाकडकथा या सगळ्यांहून वेगळी आहे ती एका गोष्टीने: ती गोष्ट असते. तिच्यात माणसं असतात, जागा असते, काहीतरी घडतं. सांगणाऱ्याचा स्वतःचा फायदा नसतो, बहुतेक वेळा तो स्वतःच त्यावर विश्वास ठेवून असतो. फक्त ऐकणाऱ्याच्या हाती आज काही लागत नाही.

माझी आजी हा शब्द अगदी या मापाने वापरायची. हरभऱ्याच्या दिवसांत आमचे काका वावरात जागलीला जायचे. सकाळी घरी आले की रात्रीची हकिकत चहाबरोबर सुरू. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोण उभं होतं, डोळे कसे दिवट्यांसारखे होते, कंदील आपोआप कसा विझला. आम्ही पोरं तोंड उघडं ठेवून ऐकायचो. आजी चुलीपाशीच असायची. हकिकत तिसऱ्या वळणाला आली की म्हणायची, "झाल्या का तुह्या भाकडकथा? ऊठ, ढोराईले पानी दाखव." तिने काकांना कधी खोटारडं म्हटलं नाही. ती एवढंच सांगत होती की आता दुधाची वेळ झाली आहे आणि या गोष्टीला दूध नाही. काका हसत उठायचे. रात्री जेवणं झाल्यावर तीच आजी त्यांना विचारायची, "हं, मग त्या कंदिलाचं काय झालं?" सकाळची भाकडकथा रात्री चालत होती. त्या शब्दात वेळेचंही भान आहे, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून वापराचा पहिला नियम मी आजीकडून घेतला: बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाला, घरातल्या घरात, हसून म्हणा. गृहपाठ का झाला नाही याची लांबलचक कहाणी सांगणाऱ्या नातवाला म्हणा. मित्राने दुसऱ्या चहाला तीच वाघाची गोष्ट पुन्हा काढली तर म्हणा. शब्द तिथे शोभतो.

जिथे गाय दुभती आहे तिथे हा शब्द नको

आता पेपरात आणि भाषणात हा शब्द कसा येतो ते पाहा. भूतबाधा, करणी, गुप्तधन, सगळ्यांना सरसकट भाकडकथा म्हणतात. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण मला हा वापर पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

नोकरीत असताना एका गावात एका विधवा बाईची म्हैस अचानक कमी दूध द्यायला लागली. कास एका बाजूने गरम आणि कडक, म्हणजे दगडी झाली होती. कासदाहच तो, पहिल्या दिवशी औषध पडलं असतं तर बरी झाली असती. पण त्या आधी एक माणूस दारात आला, म्हणाला की शेजारणीची नजर लागली आहे, म्हशीच्या आधीच्या जन्माची गोष्ट सांगितली, ११०० रुपये आणि नारळ घेतला. चार दिवस गेले. मला बोलावलं तेव्हा चारातले दोन सड गेले होते, ते कायमचेच गेले. गावात लोक म्हणाले, "त्याच्या भाकडकथेवर बाईनं विश्वास ठेवला." मला तेव्हाही ते खटकलं होतं, पण का ते सांगता येत नव्हतं. आता येतं. ती कथा भाकड कुठे होती? त्या माणसासाठी ती भरल्या कासेची होती, त्याने तिच्यातून ११०० रुपये पिळले. सांगणारा ज्या गोष्टीतून पैसे काढतो तिला भाकडकथा म्हणणं म्हणजे त्याच्या गुन्ह्याला शिळोप्याच्या गप्पांत बसवणं. तिला फसवणूक म्हणा. अशा माणसांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथे हाच शब्द कामाला येतो.

दुसरा शब्द अफवा. २०२२ साली लम्पी आला तेव्हा गावोगाव मोबाइलवर मजकूर फिरला की लम्पी झालेल्या गावातलं दूध प्यायलं तर माणसाला रोग होतो. लम्पी हा गाई-म्हशींचा विषाणूजन्य त्वचारोग आहे, माणसाला तो होत नाही. आम्ही घरोघरी हेच सांगत फिरत होतो, एका हातात लसीचा डबा आणि तोंडात हे एकच वाक्य. तरी आमच्या गावातल्या दोन घरांचं लागलेलं दुधाचं गिऱ्हाईक आठवडाभर तुटलं, कासेतलं दूध त्यांना वासरांना पाजावं लागलं. माझ्या बरोबरीचे काही जण तेव्हा म्हणाले, भाकडकथा आहेत, लक्ष देऊ नका. पण लक्ष द्यायलाच हवं होतं. भाकडकथा बसल्या जागी बसते, ऐकणारा उठला की संपते. अफवा चालते, घरोघर जाते, नुकसान करते. तिला अफवा म्हटलं की माणूस निदान ती पुढे पाठवायच्या आधी थांबतो.

एक वापर मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका. मूल नसलेल्या बाईला भाकड म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. एका लग्नाच्या मांडवात, पंगतीत, दहा माणसांसमोर, शेजारच्या सुनेबद्दल. ती वाढत होती, तिने ऐकलं. हातातलं वरणाचं भांडं तिने तसंच पुढच्या पानापाशी नेलं. त्या पंगतीत मी गप्प बसलो नाही, पण बोललो तेही पुरेसं नव्हतं असं आजही वाटतं. जनावराच्या दुधाचा हिशेब माणसाला लावायचा नसतो. हा शब्द कोठ्यातला आहे, तो तिथे आणि गोष्टीपुरताच ठेवा.

म्हणण्याआधी हात घालून पाहा

गाभण तपासणीला हातात लांब मोजा चढवतात, हात आत घालतात आणि गर्भाशय चाचपून पाहतात. वरून दिसणाऱ्या पोटावरून सांगता येत नाही. दोन-तीन महिन्यांचा गर्भ सरावाच्या हाताला कळतो. वरून भाकड दिसणारी गाय आत गाभण निघाली की मालकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीला हेच करायचं असतं. भाकडकथा म्हणायच्या आधी तीन-चार साधे प्रश्न विचारा. तुम्ही पाहिलं की ऐकलं? ऐकलं तर कोणाकडून? कोणती जागा? कोणत्या साली? साल म्हणून आकडा मागू नका, तो त्यांच्यापाशी नसतो. खूण मागा. आमच्या भागात खुणा ठरलेल्या आहेत: ७२ च्या दुष्काळाच्या आधी का नंतर? मोवाडच्या पुराच्या आधी का नंतर? वर्धा नदीचा तो पूर ३० जुलै १९९१ चा, आमच्या वरच्या अंगाला मोवाड वाहून गेलं, त्या दिवशी कोण कुठे होतं हे सगळ्यांना आठवतं. या दोन खुंट्यांना कोणतीही आठवण बांधता येते. गोष्टीत नावं, जागा आणि खूण मिळाली तर ती तुम्ही समजता तशी भाकड नाही, तिच्या पोटात काही आहे. काहीच मिळालं नाही, आणि प्रत्येक वेळी सांगताना झाडं दोनाची चार झाली, तर मग खुशाल म्हणा.

मी गायकी काकाजींकडे दुसऱ्या दिवशी सकाळीच आखरावर गेलो. त्यांनी न अडखळता सांगितलं: मोहाची झाडं ७२ च्या दुष्काळात उभी होती, त्या साली बायांनी त्यांची फुलं वेचून पोरांना खाऊ घातली, आणि पुराच्या नंतर दोन-तीन वर्षांत ती पडली. मग मी तहसीलमध्ये जाऊन गावचं निस्तार पत्रक पाहिलं. आपल्या वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर या बाजूला गावकऱ्यांना चराई, जळण, खळं, आखर यांसाठी कोणती जागा आहे हे निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं, ते पाहायचा हक्क गावातल्या कोणालाही आहे. झाडांचा तिथे उल्लेख नव्हता. पण आखर म्हणून लागलेलं क्षेत्र आजच्या उघड्या जागेपेक्षा बरंच मोठं होतं आणि त्याची एक बाजू नाल्याला लागत होती.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभा राहून माझे शब्द मागे घेतले आणि ते वाक्य दुरुस्त करून घेतलं. आता तिथे लिहिलं आहे: "सदर माहिती तोंडी असून निस्तार पत्रकाशी पडताळून मोजणी करावी." तुमच्याही हातात कधी प्रोसिडिंगची वही आली तर भाकडकथा हा शब्द तिच्यात लिहू नका. "नोंद आढळत नाही", "पडताळणी बाकी", "तोंडी माहिती" असे तीन सरळ शब्दप्रयोग आहेत, त्यांत कोणाचा अपमान नाही आणि पुढे कोणालाही शोध घ्यायला वाट राहते. मोजणीचा अर्ज लागला आहे.

लिहिताना

भाकडकथा एकत्र लिहा, मध्ये जागा नको. स्त्रीलिंगी शब्द आहे: ती भाकडकथा. अनेकवचनही भाकडकथाच, कथेसारखं. प्रत्यय लावताना भाकडकथेला, भाकडकथेत, भाकडकथांना. भाकडकथा सांगतात, लावतात, ऐकतात. नुसतं भाकड दुसऱ्या नामाला जोडायचं तर सुटं लिहा: भाकड चर्चा, भाकड दिवस.

आणि असा एखादा शब्द तुमच्याही कानावर पडला तर तिथल्या तिथे वहीत उतरवा, सांगणाऱ्याच्या तोंडच्या वाक्यासकट. वाक्य महत्त्वाचं, अर्थ नंतरही लिहिता येतो. माझ्या वहीतली नोंद अशी आहे:

भाकड. जागा: आखर, सकाळी सात. सांगणारा: गावचा गायकी, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. वाक्य: "थे लाल गाय भाकड हाये, पन तिले ढेप देजा बाप्पा, दिवायीच्या आंगमांगं येते." अर्थ: दूध थांबलेली, गाभण. दिवाळीच्या सुमारास विईल.

खाली नंतर एक ओळ घातली आहे: व्याली, कालवड झाली, वसुबारसेच्या आदल्या दिवशी.